फुलाचं पाणी

आमच्या पुढच्या खोलीत पलंगाच्या लोखंडी पट्टीला माझी लघवीची पिशवी अडकवलेली असायची. भेटायला येणारा माणूस आधी तिच्याकडं बघायचा, मग माझ्याकडं. "काय मंग, बरं हाय का?" असं विचारताना त्याची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर जायची. मी पण कॅलेंडरकडंच बघून सांगायचो, "बरं हाय."

त्या उन्हाळ्यात एका सकाळी मला लघवी होईनाशी झाली. दुपारपर्यंत मी कुणालाच सांगितलं नाही. कसं सांगायचं तेच कळेना. पोट दगडासारखं झालं, घामानं बंडी भिजली, तेव्हा मुलाच्या लक्षात आलं आणि त्यानं मला जीपमध्ये घालून बीडला नेलं. डॉक्टरनं नळी घातली. म्हणाला, प्रोस्टेटची गाठ वाढलीय, आत सूज आहे, ती आधी उतरू द्या, मग ऑपरेशनचं बघू. तोवर नळी राहील. घरी जा, आराम करा, आणि पाणी भरपूर प्या.

आमचं घर चौसाळ्यात. पुढं मोटारी भरायचं दुकान, मागं राहायच्या खोल्या. विहिरीवरची, बोअरची मोटार जळाली की तिच्यातली तांब्याची तार काढून नवी भरायची, हा धंदा मी जन्मभर केला. आता मुलगा करतो. उन्हाळ्यात पाणी खोल जातं, मोटारी कोरड्या चालतात आणि जळतात. त्यामुळं नेमकं त्याच दिवसांत त्याला घरी थांबता येत नव्हतं. आज नांदूरघाट, उद्या आणखी कुठं, असं चाललेलं. बायको अंबाजोगाईला लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. तिला मी फोनवर सांगितलं, "तू येऊ नगंस. लेकीला सोडून कशी येशील? पोरगा हाय इथं." तिनंही ते मानलं. पोरगा आहे म्हणजे काळजी नाही.

दिवसभर घरात राहिलो मी आणि सून.

सून आमच्या घरी येऊन बरीच वर्षं झाली होती, पण तिचं माझं सरळ बोलणं कधी झालं नव्हतं. आमच्याकडची ही रीतच. ती घरात गाऊन घालायची, पण मी दिसलो की खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर जायचा. चहा आणला तर कप ठेवून मागं सरकायची. काही विचारायचं असलं तर सासूला किंवा नवऱ्याला सांगायची, "मामांना विचारा." मीही तिला नावानं हाक मारली नाही. "अगं, चहा झाला का," असं हवेत बोलायचो, ती ऐकायची.

बीडहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगा सकाळी पिशवी रिकामी करून कामाला गेला. दुपारपर्यंत ती भरत आली. मी पडून तिच्याकडं बघत होतो. हाक मारायची तर कुणाला? आपणच उठावं, बाथरूमपर्यंत जावं, म्हणून पिशवी हातात घेऊन उभा राहिलो. अंगात ताप होता. डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी भिंतीला धरून खाली बसलो. पिशवी मांडीवर.

आवाज ऐकून सून आली. तिनं दंडाला धरून मला पलंगावर बसवलं. त्याआधी तिचा हात माझ्या अंगाला कधी लागला नव्हता. पाया पडताना पायाला लागला असेल तेवढाच. मग ती आत जाऊन प्लॅस्टिकची बादली घेऊन आली, पिशवीच्या खालची चावी उघडली आणि सगळं बादलीत सोडलं. त्याचा आवाज होतो. तो आवाज होत असताना मी भिंतीकडं तोंड करून बसलो होतो. तिनं चावी बंद केली, पिशवी परत पट्टीला अडकवली, बादली घेऊन गेली. तिकडं नळ सोडल्याचा आवाज आला. मला वाटलं, बायको असती तर बरं झालं असतं, लेक असती तर बरं झालं असतं. हे काम परक्याच्या लेकीनं करायचं नव्हतं.

त्या दिवसापासून मी पाणी पिणं कमी केलं. हिशेब सोपा होता. पाणी कमी प्यालो की पिशवी कमी भरेल, पिशवी कमी भरली की मुलगा संध्याकाळी येईपर्यंत निभेल. सून तांब्या भरून उशाशी ठेवायची. ती आत गेली की मी त्यातलं पाणी खिडकीतून बाहेर ओतायचो. तिला वाटायचं मामा पाणी पितात.

आमच्या घराला लागून फळांचा गाडा लावणाऱ्यांचं घर आहे. त्यांच्यातल्या भाभींनी कधीकाळी माझ्या बायकोला लिलीचे कांदे दिले होते. बायकोनं ते रंगाच्या जुन्या डब्यांत लावले. वर्षभर त्यात नुसती पट्ट्यांसारखी पानं असतात, आणि उन्हाळा तापला की एकेक जाड देठ वर येतो, त्याच्या शेंड्याला तळहाताएवढी फुलं. लालभडक, भोंग्यासारखी. मुलगा सांगायचा, तिचं खरं नाव अमरिलिस आहे म्हणून. आम्ही लिलीच म्हणतो.

त्याच भाभींची बकरी एका दुपारी दावं तोडून आमच्या अंगणात शिरली आणि तिनं डबा पाडला. दोन देठ बुडातून मोडले. कळ्या अजून मिटलेल्या होत्या, टोकाला जरा लाल दिसत होतं. भाभी बकरीला ओढत नेताना म्हणत होत्या, "फेकू नको बेटी, पानी में रख दे, खिलेंगे." सुनेनं तिच्या लग्नात आलेली काचेची उंच फुलदाणी शोकेसमधून काढली, धुतली, काठोकाठ पाणी भरलं आणि दोन्ही देठ त्यात उभे केले.

आमच्यात फुलं देवाला असतात नाहीतर मयताला. पाण्यात घालून खोलीत ठेवायची पद्धत नाही. ती फुलदाणी कुठं ठेवते ते मी बघत होतो. तिनं स्टूल आणला, पलंगाच्या अगदी कडेला लावला, फुलदाणी त्यावर ठेवली आणि दारात जाऊन उभी राहिली. तिथून बघितलं. परत आली, स्टूल वीतभर सरकवला. पुन्हा दारात जाऊन बघितलं. तेव्हा मला कळलं की दारातून येणाऱ्याला पिशवी दिसू नये म्हणून तिचं हे चाललं आहे.

मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण मनात आलं, म्हणजे हिला सगळं दिसतंय. मी भिंतीकडं तोंड करतो ते, आल्यागेल्यासमोर चादर ओढून पिशवी झाकतो ते, सगळं. आपण लपवतोय ते दुसऱ्याला दिसणं हे उघडं पडण्यापेक्षा वाईट असतं.

कळ्या उमलल्या. एकेका देठाला तीन तीन फुलं, तिन्ही तीन दिशांना तोंड करून, आणि एकेक कळी अजून मिटलेली. ती उमलली तसा देठाला भार व्हायला लागला. दोन्ही देठ दाराच्या उजेडाकडं वाकले. पाणी पिवळट झालं आणि त्याला वास यायला लागला. मी रोज बघत होतो, पण पाणी बदल म्हणून सुनेला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे बोलावं लागणार.

अशात धर्मापुरीहून व्याही आले. सुनेचे वडील आणि तिचे चुलते. व्याह्यासमोर माणूस जरा ताठच बसतो. मी धुतलेला सदरा मुलाकडून घालून घेतला, पाठीशी उशी लावून बसलो, पायांवर चादर घेतली. व्याही समोरच्या खुर्चीवर, चुलते सतरंजीवर भिंतीला टेकून. फुलं त्यांच्या आणि माझ्या मधे. व्याही म्हणाले, "फुलं लई चांगली आलीत." मी म्हणालो, "हां, घरचीच हायत." सुनेनं चहा दिला. वडील आले म्हणून तिच्या चालण्यात फरक होता. आत स्वयंपाक चालला होता, पुरणाचा वास येत होता.

बोलणं पिकापाण्यावर आलं असताना फुलदाणी कलंडली. कुणाचा धक्का लागला नव्हता. फुलांच्या वजनानं ती दाराच्या बाजूला झुकली, मला दिसली, आणि धरायला म्हणून मी एकदम पुढं झालो. फुलदाणी हाताला लागली नाही. माझ्या पायाला मात्र नळी गुंतली, पट्टीवरून पिशवी निसटली आणि फुलदाणीच्या पाठोपाठ जमिनीवर पडली.

फुलदाणी जाड काचेची, फुटली नाही. गडगडत कोपऱ्यात गेली. पाणी मात्र सगळं सांडलं आणि उतारानं थेट पाहुण्यांकडं निघालं. पिवळट, वास येणारं पाणी, आणि त्याच्या मधोमध माझी पिशवी पडलेली. व्याह्यांनी दोन्ही पाय वर घेतले. चुलते सतरंजीवरून उठेपर्यंत त्यांच्या धोतराचा सोगा भिजला.

मी म्हणालो, "फुलाचं पाणी हाय ते."

मुलगा धावत आला आणि त्यानं आधी पिशवी उचलली, ती गळते का ते उलटीपालटी करून बघायला लागला. सगळ्यांदेखत. मी परत म्हणालो, "फुलाचं पाणी हाय. पिशवीचं न्हाई."

"असू द्या, असू द्या," व्याही म्हणाले. "आजारात होतंच."

तोवर सून फडकं घेऊन आली. गुडघ्यावर बसून पुसायला लागली. तिनं वर न बघता वडिलांना सांगितलं, "अण्णा, फुलाचंच पाणी हाय. पिशवीची चावी बंद हाय."

"असू दे बाई," ते म्हणाले.

चुलते बाहेर गेले. दारातून मला अंगणातला नळ दिसतो. ते नळाखाली पाय धूत होते. एक पाय धुतला, दुसरा धुतला, परत पहिला. मग धोतराचा सोगा पिळला, वास बघायला नाकाजवळ नेला आणि परत धुतला. मी ते बघत राहिलो. बघवत नव्हतं, पण नजर तिथून निघेना.

आणि मी सुनेवर ओरडलो. "तुला कुणी सांगितलं होतं ही थेरं करायला? फुलं आणून ठेवलीत. शोभा केली नुसती माझी."

आजवर मी तिच्याशी सरळ बोललेलं पहिलं वाक्य ते. तिच्या बापासमोर.

तिचा पुसणारा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. मुलगा "बापू" एवढंच म्हणाला. व्याही खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेले, ते हळूच खाली घेतले. माझ्याकडं बघितलं नाही. लेकीकडं पण बघितलं नाही. कॅलेंडरकडं बघत होते.

जेवायला थांबले, पण पुरणपोळी एकेकच खाल्ली. निघताना व्याही पलंगाजवळ आले, हात जोडले आणि म्हणाले, "लेकरू हाय, पाव्हणं. चुकतमाकत असंल. सांभाळून घ्या."

मुलीचे बाप हे म्हणतातच. माझ्या लेकीच्या सासरी मीही म्हणून आलो आहे. पण त्या घरात कोण कुणाला सांभाळत होतं ते त्या खोलीत उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी मान हलवली, जणू काही सांभाळून घेणं माझ्या हातात होतं.

ते गेल्यावर सुनेनं फुलं परत फुलदाणीत घालून आत नेली. स्टूल पण नेला. त्या दिवसानंतर ती काम सगळं करायची, पण माझ्याकडं पाठ करून. मी पाणी आणखी कमी केलं. जवळजवळ बंदच केलं म्हणा. दुसऱ्या दिवशी ओटीपोटात कळा सुरू झाल्या. पिशवीत थेंब पडत नव्हता आणि मला वाटत होतं, बरंच आहे. दुपारनंतर थंडी वाजून आली. दात वाजायला लागले.

सून पिशवी रिकामी करायला आली तर पिशवीत काहीच नव्हतं. तिनं पिशवी उजेडाकडं धरून बघितली. मग खिडकीकडं गेली, बाहेर वाकून बघितलं. भर उन्हाळ्यात त्या खिडकीखाली गवत उगवलं होतं. तिनं तिथूनच नवऱ्याला फोन लावला आणि म्हणाली, "असाल तसे या. मामांची नळी तुंबलीय."

बीडच्या दवाखान्यात सिस्टरनं मोठ्या सिरिंजनं पाणी मारून नळी मोकळी केली. ती कळ मी सांगू शकत नाही. नळीतून गाळ निघाला, विटकरी रंगाचा. सिस्टर वयानं माझ्या लेकीएवढी. म्हणाली, "बाबा, पाणी पीत नाही का तुम्ही? काय सांगितलं होतं डॉक्टरांनी?"

मुलगा म्हणाला, "पितेत की. तांब्या रिकामा होतो."

सून पडद्यापाशी उभी होती. ती म्हणाली, "पीत न्हाईत. खिडकीतून ओततेत. माझ्याकडनं पिशवी काढून घ्यायला लाजतेत."

मुलानं माझ्याकडं बघितलं. सिस्टरनं हातमोजे काढून डब्यात टाकले आणि सुनेला म्हणाली, "आता समोर बसून पाजायचं. लहान बाळाला पाजतात तसं." सून म्हणाली, "हो." मी डोळे मिटून घेतले. झोप लागल्यासारखं केलं.

घरी आल्यावर ती खरंच समोर बसायला लागली. तासातासाला यायची, पेला भरून द्यायची आणि रिकामा होईपर्यंत पलंगाशेजारी जमिनीवर बसून राहायची. हातात काहीतरी निवडायला घेऊन. मी प्यायचो. पेल्याच्या कडेवरून तिच्याकडं बघायचो.

अशीच एकदा ती आली तेव्हा तिच्या हातात ती फुलं होती. बाहेर बकरीला टाकायला चालली होती. एका देठाचं बूड उकलून त्याच्या पट्ट्या बाहेर वळल्या होत्या, नुसता बुळबुळीत लगदा. दुसरा मधेच मोडल्यासारखा लवला होता. फुलं मात्र ताजी होती. दोन कळ्या तर अजून उमलायच्या होत्या.

मी म्हणालो, "आण इकडं."

ती थांबली.

"बघू दे," मी म्हणालो. "टाकू नकोस."

देठ हातात घेतला तर आतून पोकळ. नळीच. म्हणजे वर एवढा भार आणि खाली आधार काहीच नाही. मी तिला म्हणालो, "दुकानातनं बांबूच्या काड्या आण. आणि सुती पट्टी. आणि ब्लेड." मोटार भरताना तारेचे वेढे खाचेत बसवले की त्यावर बांबूची पातळ काडी ठोकतात, तार वर येऊ नये म्हणून. आणि वेढ्यांची डोकी सुती पट्टीनं आवळून बांधतात. दोन्ही गोष्टी आमच्याकडं कधी संपत नाहीत.

ती घेऊन आली. मी देठांची सडकी बुडं सरळ कापून टाकली. एक लांब काडी तासून गुळगुळीत केली आणि देठाच्या पोकळीतून वर सरकवायला लागलो. काडी मधेच अडली. ती म्हणाली, "मी धरते." तिनं फूल धरलं, मी काडी घातली, ती म्हणाली, "पुरं, पुरं. वर फुलाला लागंल." मग देठ परत उकलू नये म्हणून मी बुडाला सुती पट्टीचे चार वेढे दिले, वेढ्याला वेढा लागून, मोटारीला देतो तसे. हातांना काम आठवत होतं.

ती फोनवर काहीतरी शोधत होती. म्हणाली, "यात म्हणतेत, देठ उलटा धरून आत पाणी भरायचं आणि कापसाचा बोळा लावायचा. मंग फूल जास्त टिकतं." आमच्याकडं कापूस होता, दवाखान्याचा. दुसऱ्या देठाला आम्ही तसं केलं. ती म्हणाली, "फुलदाणीत पाणी चार बोटंच ठेवायचं म्हणतेत. जास्त भरलं की बूड कुजतं. आणि पाणी रोज बदलायचं."

"ती काचेची नको," मी म्हणालो. "पितळी तांब्या आण, जड असंल तो. बुडात खडे टाक."

तिनं आणला. फुलं उभी राहिली. स्टूल परत आला, पण या वेळी तिनं तो खिडकीपाशी ठेवला. पिशवी उघडीच राहिली आणि मी काही म्हणालो नाही.

ती भांडी गोळा करून निघाली तेव्हा मी म्हणालो, "त्या दिवशी तुझ्या बापासमोर बोललो तुला."

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या मामा. तेवढं म्हणाली की संपलं असतं. ती म्हणाली, "अण्णांना लई वाईट वाटलं. एसटीत बसूस्तवर बोलले न्हाईत." आणि दारापाशी जाऊन, "मला बी वाटलं."

मग आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला व्याह्यांना फोन लावून दे म्हणालो. काय बोलायचं ते मनात ठरवलं होतं. व्याह्यांनी "हां बोला, पाव्हणं" म्हटलं आणि माझ्या तोंडून निघालं, "ते पाणी खरंच फुलाचं होतं बरं का."

मग ते म्हणाले, "आमाला कळलं होतं की."

कळलं नव्हतं ते मला माहीत होतं. आपल्याला आधी कशाची आठवण झाली याचं मला इतकं वाईट वाटलं की पुढचं वाक्य येईना. शेवटी म्हणालो, "पोरीला बोललो ते चुकलं माझं. तिनं लई केलं."

व्याही म्हणाले, "ताप उतरला का तुमचा?"

"उतरला."

"मंग झालं. ऊन लई हाय. जपा."

फोन ठेवला. माफ केलं की नाही ते मला कळलं नाही आणि विचारता येण्यासारखं नव्हतं.

पुढचे दिवस एका रीतीनं गेले. सकाळी ती पिशवी रिकामी करायची आणि मी फुलांचं पाणी बदलायचो. ब्लेडनं देठाच्या बुडाची चकती उडवायची, पट्टी परत बांधायची, तांब्या आतून घासायचा, ताजं पाणी चार बोटं. सुकलेलं फूल खुडून टाकायचं म्हणजे शेजारच्या कळीला जागा होते. फुलातले पिवळे परागाचे दांडे चिमटीनं काढून टाकायचे, नाहीतर ती पूड सांडते आणि कपड्याला लागली की निघत नाही; हे तिनंच कुठंतरी वाचलेलं. आम्ही बोलायचो ते एवढंच. ही कळी उद्या उमलंल. हा देठ वाळायला लागला. मी भिंतीकडं तोंड करणं सोडलं होतं असं म्हणता येणार नाही. करायचोच. पण बादलीत आवाज होत असताना फुलाबद्दल काहीतरी विचारायचो, आणि ती उत्तर द्यायची.

शेवटची कळी उमलून सुकली. मग ऑपरेशन झालं, ते नीट झालं, नळी निघाली. बायको लेकीचं आणि नातवाचं बरं चाललेलं बघून परत आली. ती आली आणि सुनेच्या डोक्यावर टॉवेल परत गेला. माझ्यासाठी चहा बायकोच्या हातून यायला लागला. मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची पुन्हा लाज.

बायकोनं मला विचारलं, "नळी होती तवर सगळं कोण करायचं?"

"पोरगा," मी म्हणालो. सून आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला नाही.

नातवाचं बारसं अंबाजोगाईला मोठं केलं. धर्मापुरीचे व्याही पण आले होते. जेवणं झाल्यावर बायकांच्या घोळक्यात माझी बायको सांगत होती, "मी तर इथं अडकलेली. पण माझ्या पोरानं बापाचं हागणंमुतणं काढलं. आजकाल कोणता पोरगा करतो?" बायका मुलाकडं कौतुकानं बघत होत्या. तो मान खाली घालून मोबाईल चाळत होता. मी बायकोला सांगितलेलं खोटं त्यानं मला सांभाळायला तसंच राहू दिलं होतं. व्याही पलीकडं पान खात बसले होते. त्यांनी ऐकलं.

मी बसल्या जागेवरून म्हणालो, "पोरानं न्हाई केलं. सुनेनं केलं. पिशवी काढण्यापासून सगळं तिनंच केलं."

कुणीतरी "अगं बाई" असं पुटपुटलं. एक म्हातारी तोंडाला पदर लावून दुसरीकडं बघायला लागली. सून ताटं उचलत होती. तिचा चेहरा उतरला, ताटं तिथंच ठेवून ती आतल्या खोलीत गेली. व्याही उठले आणि थुंकायला बाहेर गेले, ते बराच वेळ आले नाहीत.

निघायच्या वेळी सून मला जिन्यात एकटी भेटली. डोक्यावर पदर होता, पण माझ्याकडं बघून बोलली. "मामा, सगळ्यांसमोर कावून सांगितलंत? आता बायका मला विचारायल्यात, कसं धरायचीस, लाज न्हाई वाटली का म्हणून."

मी म्हणालो, "तुझं नाव व्हावं म्हणून—"

"घरात सांगितलं असतं तर झालं असतं," ती म्हणाली. "आत्याबाईंना सांगितलं असतं तर." आणि पिशव्या घेऊन खाली उतरली.

जीपमध्ये मुलगा चालवत होता, सून पुढं त्याच्या शेजारी, मी आणि बायको मागं. गावं मागं पडत होती. केज गेलं. मग बायको पुढं न बघता, हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "मला कावून सांगितलं न्हाई तुमी? मी विचारलं होतं की."

बायकोनं वाट बघितली. मग ती पुढं वाकली आणि सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. सून मागं वळली नाही, पण खांदा तिथंच ठेवला. मी माझ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत राहिलो.